जीटी86 ला सुपरचार्जर लावावा की इंजिन आतून बांधावं: निर्णयापासून ट्यूनिंगपर्यंत

टोयोटा जीटी86 आणि सुबारू बीआरझेड या एकाच आराखड्यावरच्या दोन गाड्या. अमेरिकेत टोयोटावाली 2016 पर्यंत सायन एफआर-एस नावाने विकली गेली. भारतात त्या रीतसर विक्रीला आल्या नाहीत. पण अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना गाडी चालवण्याचा नाद आहे, त्यांच्या यादीत या जोडीचं नाव हमखास असतं. सेकंडहँड बाजारात त्या किमतीला इतकी नेमकी गाडी क्वचितच मिळते. वजन साडेबाराशे किलोच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना, स्टिअरिंग हलकं पण सगळं सांगणारं. तक्रार मात्र बहुतेकांची एकच: पिकअप कमी पडतो.

यावर दोन मोठ्या वाटा सुचवल्या जातात. एक, सुपरचार्जर बसवा, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून जास्त हवा आत ढकलणारा पंप. दुसरी, इंजिन खोला आणि पिस्टन, त्यांना क्रँकशी जोडणारे रॉड, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम, हेड असं सगळं आतून बदला. दोन्हींत पैसे मोठे जातात आणि दोन्हींत चुकीच्या क्रमाने काम केलं तर इंजिन हातचं जातं. माझं मत आधीच सांगतो. रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालणाऱ्या निरोगी गाडीला कमी बूस्टचा (म्हणजे वातावरणाच्या वर कमी जादा दाब देणारा) सुपरचार्जर योग्य. इंजिन खोलायचं ते मजबुतीसाठी. निव्वळ ताकद वाढवण्यासाठी खोलणं म्हणजे सर्वात महाग वाट सर्वात आधी धरणं. हे मत कशावर उभं आहे आणि काम कुठल्या क्रमाने करावं, ते पुढे मांडतो.

लिटरमागे किती टॉर्क?

या गाडीतलं एफए20 इंजिन 1998 सीसीचं, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 86 मिलिमीटर, कॉम्प्रेशन 12.5 ला 1. सुरुवातीच्या गाड्यांत 7,000 आरपीएमला 200 हॉर्सपॉवर आणि साडेसहा हजारांच्या आसपास 205 न्यूटन-मीटर टॉर्क. टॉर्कला लिटरने भागा. लिटरमागे जवळपास 103 न्यूटन-मीटर येतात.

आता हाच भागाकार जगातल्या उत्तम नॅचरली अॅस्पिरेटेड, म्हणजे बूस्ट नसलेल्या, इंजिनांना लावून पाहा. फेरारी 458 इटालिया: साडेचार लिटर, 540 न्यूटन-मीटर, म्हणजे लिटरमागे 120. पोर्शे 911 जीटी3 चं चार लिटरचं इंजिन: 470 न्यूटन-मीटर, लिटरमागे 118 च्या आत. या कंपन्यांनी पैशाकडे न पाहता जे साधलं, तिथपर्यंत तुमचं एफए20 समजा पोचलं, तरी टॉर्क 240 च्या पुढे जात नाही. म्हणजे सोळा-सतरा टक्के, आणि तेही कागदावर. वातावरणाचा दाब जितकी हवा सिलिंडरमध्ये ढकलतो, तितकीच हवा जाळायला मिळते. पिस्टन कितीही भारी बसवा, ही मर्यादा हलत नाही.

कॉम्प्रेशन वाढवून फार मिळेल असं पुष्कळांना वाटतं. 12.5 वरून 13.5 वर नेलं तर औष्णिक कार्यक्षमतेच्या सूत्रानुसार फायदा जेमतेम दोन टक्के निघतो. जुन्या, 9 ला 1 वाल्या इंजिनांच्या काळात हा उपाय अर्थपूर्ण होता. इथे कारखान्यानेच त्यातलं बहुतेक सगळं पिळून काढलेलं आहे.

उरतो आरपीएम. ताकद किलोवॅटमध्ये हवी असेल तर टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 9,549. या इंजिनातून बूस्टशिवाय क्रँकवर 250 हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे 186 किलोवॅट काढायची असेल, तर लिटरमागे 110 च्या हिशोबाने 220 न्यूटन-मीटर टॉर्क 8,100 आरपीएमपर्यंत टिकवून धरावा लागेल. मूळ रेडलाइन, म्हणजे आरपीएमची वरची हद्द, 7,400 ची आहे. म्हणजे कॅम, व्हॉल्व्ह स्प्रिंग, रॉड, रॉडचे बोल्ट, बॅलन्सिंग, हेडचं पोर्टिंग, सगळंच आलं. आणि इतकं करून ती ताकद मिळणार शेवटच्या हजार आरपीएममध्ये, जिथे रोजची गाडी जवळपास कधीच जात नाही.

हे माझं तर्कट वाटत असेल तर कंपन्यांनी स्वतः काय केलं ते बघा. माझदाने 2019 मध्ये एमएक्स-5 चं दोन लिटरचं इंजिन सुधारलं. पिस्टन आणि रॉड हलके केले, थ्रॉटल बॉडी मोठी केली, रेडलाइन 6,800 वरून 7,500 वर नेली. अमेरिकी आकड्यांत ताकद 155 वरून 181 हॉर्सपॉवर झाली, टॉर्क मात्र 201 वरून फक्त 205 न्यूटन-मीटर. आतल्या कामाने आरपीएम मिळाला. होंडाने 2004 मध्ये अमेरिकेतल्या एस2000 ला उलटं केलं: स्ट्रोक 84 वरून 90.7 मिलिमीटर, इंजिन 2.2 लिटरचं. टॉर्क सहा टक्क्यांच्या आसपास वाढला, रेडलाइन नऊ हजारांवरून आठ हजारांच्या घरात उतरली, ताकद होती तिथेच, 240. आणि खुद्द जीटी86 ची पुढची पिढी, म्हणजे जीआर86? स्ट्रोक तोच, बोअर 94 मिलिमीटर, 2387 सीसी, टॉर्क 250 न्यूटन-मीटर आणि तोही 3,700 आरपीएमला. भागाकार करा, लिटरमागे 105. दहा वर्षांनंतरही लिटरमागचा आकडा जेमतेम हलला. जे वाढलं ते इंजिनाच्या आकारामुळे.

म्हणून या हिशोबात एक तिसरं उत्तरही बसतं. इंजिन आतून बांधायला जेवढे पैसे घालणार आहात, त्यात आपली गाडी विकून जीआर86 घेता येते का, हे एकदा बघाच. कित्येकांच्या बाबतीत तेच शहाणपणाचं ठरेल.

सुपरचार्जर ही मर्यादा मुळातच ओलांडतो, कारण तो वातावरणावर अवलंबून राहत नाही. अर्धा बार बूस्ट म्हणजे हवेचा दाब दीडपट. मात्र दाब दीडपट झाला म्हणून हवा दीडपट येत नाही. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचा तळ तापतो, तसंच इथे होतं. बाहेर 35 अंश असेल आणि कंप्रेसरची कार्यक्षमता 65 टक्के धरली, तर हवा 90 अंशांच्या पुढे तापून बाहेर पडते आणि घनता वाढते फक्त सव्वापट. तीच हवा इंटरकूलरने 50 अंशांवर आणली तर वाढ 1.43 पट होते. सुपरचार्जर फिरवायला क्रँककडून साधारण 12 किलोवॅट खर्च होतात, म्हणजे सोळाएक हॉर्सपॉवर. सगळं वजा जाऊनही टॉर्कमध्ये तिसेक टक्के वाढ सहज हाती लागते, आणि रेडलाइन एका आरपीएमनेही वाढवावी लागत नाही.

खरेदीच्या आधी: गाडी कुठे चालते?

गाडीच्या ओबीडी पोर्टला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) लागणारा साधा डोंगल घ्या आणि काही आठवडे आरपीएम आणि थ्रॉटल नोंदवा. ऑफिस, सुपरमार्केट, हायवे, शनिवार-रविवारचा डोंगराळ रस्ता, सगळं येऊ द्या. मग पूर्ण थ्रॉटल दिलात तेव्हा इंजिन कुठल्या आरपीएममध्ये होतं ते पाहा.

एफए20 च्या टॉर्कच्या आलेखात साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान एक खड्डा आहे. ओव्हरटेक करताना नेमका हाच भाग लागतो, आणि “पिकअप नाही” या तक्रारीचा मोठा हिस्सा या खड्ड्यातून येतो. तुमच्या नोंदींत पूर्ण थ्रॉटल बहुतेक याच भागात दिसत असेल, तर आधी एक्झॉस्ट हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्या) आणि ट्यूनिंग करून पाहा. खड्डा बराचसा भरून निघतो आणि खर्च सुपरचार्जरच्या काही अंशातच बसतो. जिथे ई85 हे मुख्यतः इथेनॉलचं इंधन पंपावर मिळतं तिथे त्यासाठीचा मॅप (इंधन आणि स्पार्क ठरवणारं कोष्टक) केला तर आणखी फायदा होतो. अडचण एकच: या गाडीत पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडरमध्येच आहे. तो काढून टाकणारे हेडर रस्त्यावर बहुतेक ठिकाणी बेकायदा आहेत. म्हणून कॅटसकट येणारा हेडर शोधा.

आणखी एक स्वस्त उपाय लोक विसरतात. 2017 पासूनच्या मॅन्युअल गाड्यांत कंपनीने मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर 4.1 वरून 4.3 केलं. चाकांवरचा टॉर्क प्रत्येक गिअरमध्ये जवळपास पाच टक्क्यांनी वाढला, इंजिनाला हातही न लावता. जुन्या गाडीत हा बदल करता येतो.

इंजिनाची तब्येत

इथे घाई करू नका. सुपरचार्जर बसवल्यावर फुटणाऱ्या इंजिनांपैकी कित्येक आधीच आजारी असतात.

गरम इंजिनावर कॉम्प्रेशन टेस्ट घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. त्यानंतर लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती निसटते ते पाहणं: गळती दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, वीसच्या वर गेली तर थांबा. गळतीचा आवाज कुठून येतो ते कान लावून ऐका. ऑइल फिलरमधून आला तर रिंगा, एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. पुढचं ऑइल बदलताना थोडं तेल प्रयोगशाळेत तपासायला पाठवा. तांबं, शिसं वाढलेलं दिसलं तर बेअरिंगं झिजत आहेत. ईसीयूमधून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून) फ्युएल ट्रिम (इंधनाची दुरुस्ती) आणि नॉक करेक्शन (इंधन आपोआप, चुकीच्या वेळी पेटू लागलं की केलेली दुरुस्ती) वाचून घ्या. मूळ ताकदीवरच इंजिन वारंवार स्पार्क मागे खेचत असेल, तर बूस्टचं नावही काढू नका.

गाडी 2012-13 च्या सुमारास बनलेली असेल तर आणखी एक चौकशी करा. त्या काळातल्या काही गाड्यांच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी 2018 मध्ये मोठा रिकॉल निघाला होता. तो झाला आहे का ते चासी नंबरवरून कळतं. हे काम करताना इंजिन बाहेर काढावं लागतं. झालेलं असेल तर तेव्हा सीलंट कसं लावलं गेलं याला फार महत्त्व आहे. या इंजिनाचे पुढचे कव्हर लिक्विड गॅस्केटने चिकटवतात. मेकॅनिकने पट्टा जाड लावला की जास्तीचं सीलंट आतल्या बाजूला फुगतं, पुढे त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पॅनमधून तेल ओढून घेणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतात. मग तेलाचा दाब नेमका जास्त आरपीएमला, लांब वळणात कमी होतो आणि बेअरिंग घासतं. ऑइल पॅन उतरवून ती जाळी एकदा डोळ्यांनी बघणं हे थोडक्या वेळाचं काम आहे. सुपरचार्जरवर पैसे घालण्याआधी मी हे प्रत्येकाला करायला सांगेन.

कोणता सुपरचार्जर?

दोन जातींत स्वभावाचा मोठा फरक आहे.

पहिली पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट. एडलब्रॉकच्या किटमध्ये ईटनचा टीव्हीएस 1320 येतो. एका फेऱ्यात 1,320 सीसी हवा ढकलणारा. स्प्रिंटेक्सचा ट्विन-स्क्रू याच घराण्यातला. यांचा बूस्ट खालच्या आरपीएमपासून हजर असतो. तो खड्डा पूर्ण नाहीसा होतो आणि गाडी मोठ्या इंजिनाची वाटते. रस्त्यावर चालवायला याच्यासारखं सुख नाही.

दुसरी सेंट्रिफ्युगल, वेगाने फिरणाऱ्या पंख्यासारख्या चाकाने हवा फेकणारी: व्होर्टेक, एचकेएस, आणि जॅक्सन रेसिंगच्या किटमधला रोट्रेक्स. यात बूस्ट साधारण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 7,000 ला 0.6 बार मिळत असेल तर 3,500 ला जेमतेम 0.15. म्हणजे खड्डा काही अंशीच भरतो, पण वरचा भाग जोरदार होतो आणि इंजिनाचा मूळ स्वभाव, वर चढत जाण्याचा, कायम राहतो. हवा कमी तापते, कारण कंप्रेसर जास्त कार्यक्षम असतो. रोट्रेक्सला स्वतःचं वेगळं तेल लागतं. ते ठरल्या अंतराला बदलावंच लागतं आणि त्याच्या जागी दुसरं कुठलंही तेल चालत नाही.

निवड करताना रॉडचा विचार करा. मूळ रॉड हा या इंजिनातला कच्चा दुवा. ट्यूनर मंडळी साधारणपणे चाकांवर 280 ते 300 हॉर्सपॉवर ही त्याची हद्द धरतात. पण रॉड वाकतो तो सिलिंडरमधल्या दाबामुळे, आणि दाब म्हणजे टॉर्क. तीच 250 हॉर्सपॉवर सेंट्रिफ्युगलने 7,000 ला मिळते तेव्हा टॉर्क कमी असतो. ट्विन-स्क्रू 3,000 ला भरपूर टॉर्क देतो, तेव्हा रॉडवरचा दाब जास्त असतो आणि नॉकिंगचा धोकाही. म्हणून ट्रॅकवर जास्त वेळ घालवणाऱ्याला, मूळ इंजिन तसंच ठेवायचं असेल तर, मी सेंट्रिफ्युगल सुचवतो. रोजच्या वापराला, कमी बूस्टवर, पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट. नेहमीच्या उत्तम पेट्रोलवर दोन्हींतून चाकांवर 230 ते 260 च्या आसपास मिळतं. मूळ गाडी तिथे, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधलं नुकसान वजा जाऊन, 165-170 दाखवते. या वजनाच्या गाडीला हा फरक फार मोठा आहे.

जाहिरातीतला आकडा कुठल्या पेट्रोलवरचा आहे हे जरूर विचारा. अमेरिकेत 93 ऑक्टेन म्हणजे युरोपातलं साधारण 98. कॅलिफोर्नियाच्या पंपांवर सहसा 91 च मिळतं. 12.5 कॉम्प्रेशनच्या इंजिनाला बूस्ट देताना हा फरक मॅपमध्ये स्पष्ट दिसतो.

सोबत काय काय लागतं?

ऑइल कूलर आधी. ही गाडी ट्रॅकवर मूळ ताकदीवरच तेल 130 अंशांपर्यंत तापवते. सुपरचार्जर लावून कूलर नाही, हे मला मान्यच नाही. तेलही 0डब्ल्यू-20 ऐवजी जाड, ट्यूनर सांगेल ते.

स्पार्क प्लग एक पायरी थंड. गॅप किटवाल्याने दिलेल्या मापाचा. पेट्रोलवरच राहणार असाल तर मूळ इंधन व्यवस्था बहुतेक किटना पुरते. पण ई85 वर जाणार असाल तर तिसेक टक्के जास्त इंधन वाहून न्यायचं आहे हे धरून पंप आणि इंजेक्टर घ्या. क्लचचं रिलीज बेअरिंग या गाडीचं जुनं दुखणं आहे. गिअरबॉक्स उतरवाल तेव्हा बेअरिंग, फोर्क आणि क्लच एकदमच बदला.

गरम प्रदेशात, म्हणजे टेक्सास, ॲरिझोना किंवा आखाती देशांत, इनटेक हवेचं तापमान सतत दिसेल असा गेज लावा. सलग चारपाच वेळा जोर दिल्यावर ते कितीवर जातं आणि किती वेळात उतरतं, यावरून इंटरकूलर पुरेसा आहे का ते कळतं. हा आकडा कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतो.

इंजिन खोलायचं कधी?

माझ्या लेखी तीनच कारणं पटण्यासारखी आहेत. पहिलं, इंजिन तसंही खोलावं लागणार आहे: बेअरिंग गेलं, रिंगा गेल्या. एफए20 बॉक्सर आहे, म्हणजे सिलिंडर दोन बाजूंना आडवे. आतपर्यंत जायचं तर ते गाडीतून उतरवून ब्लॉकचे दोन भाग वेगळे करावे लागतात. मजुरीचा मोठा भाग तिथेच जातो, म्हणून एकदा खोललंच तर मजबूत रॉड आणि फोर्ज्ड पिस्टन तेव्हाच बसवावेत. दुसरं, तुम्ही अशा रेसिंग वर्गात उतरता जिथे बूस्टला मनाई आहे. तिसरं, चाकांवर तीनशेच्या पुढे जायचं आहे आणि मूळ रॉड तिथे टिकणार नाहीत.

पहिल्या आणि तिसऱ्या कारणात आतलं काम मजबुतीचं आहे, दुसऱ्यात ताकदीचं. कामाची यादी या दोन्हींत वेगळी बनते. अनेक गॅरेजं दोन्हींना एकच “स्टेज” म्हणून विकतात. इथे पक्के राहा.

बूस्टसाठी: फोर्ज्ड रॉड, चांगले रॉड बोल्ट, कॉम्प्रेशन थोडं उतरवणारे पिस्टन, हेड स्टड. कॅम आणि पोर्टिंगवर पैसे घालू नका. हवा ढकलायला यंत्र आहेच. बूस्टशिवाय जास्त आरपीएमसाठी: हलके पिस्टन, हलके रॉड, कॅम, मजबूत व्हॉल्व्ह स्प्रिंग, हेडचं काम, बॅलन्सिंग. इथे रॉडवर ताण वेगळ्या दिशेने येतो. बूस्ट रॉडला दाबतो. आरपीएम त्याला ओढतो, विशेषतः एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर थांबून परत फिरतो तेव्हा. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. 7,400 वरून 8,400 वर गेलात की आरपीएम साडेतेरा टक्के वाढला, बोल्टवरची ओढ एकोणतीस टक्के. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 21 मीटरवरून 24 वर जातो.

इंजिन बांधणाऱ्याला पारखायचं असेल तर त्याला पिस्टन रिंगच्या गॅपबद्दल विचारा. रिंग ही पूर्ण वर्तुळ नसते, तिच्या दोन टोकांमध्ये बारीक फट असते. इंजिन तापलं की रिंग लांबते आणि फट मिटत येते. बूस्टमध्ये उष्णता जास्त, म्हणून फट आधीच मोठी ठेवावी लागते. 86 मिलिमीटर बोअरला वरच्या रिंगची फट बूस्टशिवाय साधारण 0.34 मिलिमीटर, बूस्टसाठी 0.47 च्या आसपास. अंतिम आकडा पिस्टनच्या कंपनीचा. फट कमी पडली तर गरम इंजिनात टोकं एकमेकांवर आपटतात, रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतते आणि पिस्टनचा वरचा कडा तुटून येतो. प्रत्येक रिंग त्याच्या त्याच्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने मोजावी लागते, टोक थोडं थोडं घासून पुन्हा मोजावं लागतं. ज्याच्याकडे प्रत्येक सिलिंडरच्या या मापांची, आणि बेअरिंग क्लिअरन्सची, हाताने लिहिलेली नोंद आहे, त्याच्याकडे इंजिन द्या. “रिंगा डब्यातून तयारच येतात” असं म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

खर्चाचा अंदाज अमेरिकेतला सांगतो. सुपरचार्जरची किट साधारण चार ते सात हजार डॉलर, मजुरी आणि ट्यूनिंग वेगळं. आतून पूर्ण बांधलेलं इंजिन, मशीनिंग आणि मजुरी धरून, सहज त्याच्या वर जातं, आणि बूस्ट नसेल तर त्यातून मिळणारी वाढ निम्मीही नसते.

बसवल्यानंतर

किटसोबत आलेला तयार मॅप फक्त गाडी सुरू करून गॅरेजपासून डायनोपर्यंत (ताकद मोजणाऱ्या यंत्रापर्यंत) नेण्यापुरता धरा. ट्यूनिंग तुमच्या गाडीचं, तुमच्या पंपावरच्या पेट्रोलवर व्हायला हवं. ट्यूनरने हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावलेला हवा. पूर्ण बूस्टमध्ये पेट्रोलवर लॅम्डा (तेच प्रमाण; 1 च्या खाली म्हणजे इंधन जास्त) 0.80 ते 0.85 च्या पट्ट्यात असावा. नॉक ऐकायला त्याने ईसीयूवरच विसंबून न राहता हेडफोनवर प्रत्यक्ष ऐकत असावं. स्पार्क हळूहळू पुढे न्यायचा आणि टॉर्क वाढणं थांबलं की दोनेक अंश मागे येऊन थांबायचं. शेवटच्या पाच हॉर्सपॉवरसाठी ताणणाऱ्या ट्यूनरला नम्रपणे नको म्हणा. डायनोचा आलेख आणि मॅपची फाइल, दोन्ही घेऊनच बाहेर पडा.

पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये बेल्टचा ताण, पुलीची रेघ, नळ्यांचे क्लॅम्प आणि कूलंटची पातळी तपासत राहा. बेल्ट नवा असताना ताणतो आणि घसरू लागतो. बूस्ट एकाएकी कमी दिसला तर आधी तिथे बघा. नवीन बांधलेल्या इंजिनात पहिलं ऑइल लवकर काढा, फिल्टर कापून उघडा आणि कागदाच्या घड्यांत चमकणारे कण आहेत का ते उन्हात धरून बघा. थोडे बारीक कण सुरुवातीला येतात. दुसऱ्या फिल्टरमध्ये ते जवळपास संपायला हवेत.

ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड ताकद वाढवण्याच्या आधी बदललेले असावेत, नंतर नव्हे.

कागदपत्रं

कॅलिफोर्नियात सुपरचार्जरच्या किटला एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असेल तरच स्मॉग तपासणीत गाडी पास होते. किट विकत घेण्याआधी तो क्रमांक तुमच्या गाडीच्या नेमक्या वर्षासाठी लागू आहे का ते बोर्डाच्या यादीत तपासा आणि स्टिकर बॉनेटखाली लावा. जर्मनीत ट्यूफ या तपासणी संस्थेकडून तपासणी करून बदल गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो. ज्या किटसोबत भागाचं प्रमाणपत्र येतं तिथे हे सोपं जातं, नाहीतर एकेका गाडीची स्वतंत्र परीक्षा होते. ऑस्ट्रेलियात राज्यानुसार इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. इंग्लंडमध्ये विमा कंपनीला बदल न कळवता गाडी चालवली तर अपघाताच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून आधी फोन करून हप्ता किती वाढतो ते विचारा. तरुण चालकाच्या बाबतीत हा आकडाच कधीकधी निर्णय करून टाकतो.

भारतात कोणी दुसऱ्या गाडीवर असाच प्रयोग करायच्या विचारात असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल वाचून घ्या. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर नोंदणीकृत ठेवता येत नाही, ही तिथली भूमिका आहे. पुण्या-मुंबईत सुपरचार्जर बसवून देणारं गॅरेज सापडेलही, पण ती गाडी ट्रेलरवरून कोईम्बतूरच्या करी स्पीडवेला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला न्यायची तयारी ठेवूनच हे काम काढा.

जुने भाग विकू नका. मूळ इनटेक मॅनिफोल्ड, हेडर, ईसीयूची मूळ फाइल, सगळं पेटीत लेबल लावून ठेवा. गाडी विकताना किट वेगळी विकून गाडी मूळ अवस्थेत दिली तर बहुधा दोन्हींची किंमत चांगली येते, आणि आतून बांधलेल्या इंजिनाच्या बाबतीत ती सोय नसते. तिथे विकत घेणाऱ्याला दाखवायला बांधणीच्या मापांची नोंद, बिलं, ऑइलचे अहवाल आणि डायनोचा आलेख इतकंच असतं, म्हणून पहिल्या दिवसापासून त्याची फाइल ठेवा.